दुरून ओळखू येणारी माणसे : वस्त्र, धर्माज्ञा आणि बंड



आपण ज्या लोहगडाच्या पायथ्याशी जमलो आहोत, तो अठराव्या शतकाच्या अखेरीस नाना फडणवीसांच्या खास भरवशाचा गड होता. पुण्याचा कारभार नानांच्या हाती असतानाची एक गोष्ट आजच्या विषयाला फार उपयोगी आहे. १७७९ च्या जानेवारीत येथून जवळच्या वडगावला मराठ्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेला कोंडीत पकडले आणि तह करायला लावला. दोन्ही सत्तांमध्ये उघड वैर होते. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मात्र एका बाबतीत त्यांचे एकमत झाले. मुंबईतले सोनार स्वतःला दैवज्ञ ब्राह्मण म्हणवून घेऊ लागले होते, निऱ्या घालून धोतर नेसू लागले होते आणि भेटल्यावर एकमेकांना नमस्कार म्हणू लागले होते. धोतराची ती तऱ्हा आणि तो शब्द या दोन्ही गोष्टी ब्राह्मणांच्या मानल्या जात. पेशव्यांच्या सत्तेच्या जोरावर हा प्रयत्न मोडून काढण्यात आला आणि मुंबईत कंपनीच्या कौन्सिलनेही सोनारांना नमस्कार वापरण्याची मनाई करणारा हुकूम काढला. रणांगणावर समोरासमोर उभी असलेली दोन सरकारे एका जातीच्या धोतराच्या निऱ्यांकडे आणि तिच्या अभिवादनाकडे लक्ष द्यायला वेळ काढतात, तेव्हा त्या निऱ्यांमध्ये काहीतरी मोठे गुंतलेले असले पाहिजे. ते काय होते, हा आजच्या व्याख्यानाचा प्रश्न आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. धर्माच्या नावाने चालणारी कडक सत्ता वस्त्रांवर नियम घालते, तेव्हा ती शील, सभ्यता, परंपरा अशी कारणे देते. नियमांचा तपशील वाचला की खरे काम दिसते. माणसाचा जन्म दुरूनच ओळखता यावा, त्याच्याशी बोलण्याआधीच त्याला कुठे थांबवायचे ते समोरच्याला कळावे, यासाठी ते नियम असतात. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांविषयी सांगितले आहे, की त्यांनी प्रेतांवरची वस्त्रे वापरावीत, फुटक्या भांड्यांत खावे आणि लोखंडाचे दागिने घालावेत. यात शीलाचा वा सभ्यतेचा संबंध नाही. गावाबाहेर राहायला लावलेला माणूस गावात आला तरी त्याचे गावाबाहेरचेपण अंगावर दिसत राहावे, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून अशा राज्यात वस्त्राने केलेले बंड वस्त्र सुंदर आहे की साधे, देशी आहे की परकी, यावर ठरत नाही. ज्याच्यावर ओळख लादली आहे त्याने ती ओळख अंगावरून पुसली की बंड झाले. ही कसोटी घेऊन आपण काही घटना तपासू.

पहिला आक्षेप येथेच येतो आणि तो मनापासून घेतला जातो. वस्त्राच्या रीती पूर्वापार आहेत, त्या आमच्या संस्कृतीचा भाग आहेत, त्यांना सत्तेचा हुकूम म्हणणे अन्यायाचे आहे, असे म्हटले जाते. या आक्षेपाचे उत्तर याच डोंगरांत कोरलेले आहे. भाज्याची लेणी इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकातली. तेथे नर्तकी आहे, वाद्य वाजवणारी आहे, मोठ्या गाठीचे फेटे बांधलेले पुरुष आहेत. पलीकडे कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर दांपत्ये कोरलेली आहेत. ती जवळून पाहावीत. पुरुषाच्या डोक्यावर भरघोस गुंडाळलेले पागोटे आहे, कमरेला सोगा सोडलेले वस्त्र आहे. स्त्रीच्या पायांत जाडजूड वाळ्यांची चवड आहे, कमरेवर पदरांची मेखला आहे, हात बांगड्यांनी भरलेले आहेत आणि उरोभाग उघडा आहे. हे शिल्प धर्मस्थळाच्या दारावर आहे. खर्च करणाऱ्या दात्यांत व्यापारी होते, धेनुकाकट नावाच्या गावचे लोक होते, स्वतःला यवन म्हणवणारेही होते. त्यांच्या काळी श्रद्धाळू माणूस देवाच्या दारी असा उभा राहत असे. म्हणजे ज्याला आपण पूर्वापार म्हणतो ते पूर्वापार नाही. काळ बदलला तसे वस्त्र बदलले आणि त्याचे नियमही कोणी ना कोणी, कधी ना कधी केले. नियम करणारा असतो, म्हणून त्याला जाब विचारता येतो.

हे एका धर्माचे वैगुण्य नाही, हे दाखवायला गोव्याकडे वळावे लागते. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन आले आणि १८१२ मध्ये ते कायमचे बंद झाले. १४ एप्रिल १७३६ रोजी त्याने एक मोठा फतवा काढला. बाटवलेल्या लोकांनी हिंदूंसारखे धोतर नेसू नये, स्त्रियांनी हिंदू स्त्रियांसारखी चोळी घालू नये, अंगणात तुळस ठेवू नये, एवढेच काय, मिठाशिवाय भात शिजवून मागाहून त्यात मीठ घालू नये, अशी ती यादी होती. भाताच्या मिठापर्यंत पोहोचलेल्या सत्तेला श्रद्धेची शुद्धता हवी होती असे म्हणता येईल, पण फतव्याचा रोख पाहा. नवा ख्रिस्ती आणि त्याचा हिंदू शेजारी, बहुतेक वेळा त्याचा भाऊबंदच, हे दोघे रस्त्यात वेगळे दिसले पाहिजेत. येथेही ओळखू येण्याचाच आग्रह आहे. लोकांनी याला दोन तऱ्हांनी उत्तर दिले. वरच्या थरातल्या ख्रिस्ती स्त्रियांमध्ये पानो-भाजू रुळला. कमरेला गुंडाळायचे काठापदराचे वस्त्र, वर सैल सदरा आणि खांद्यावर उपरणे असा तो वेश पोर्तुगीजही नाही आणि पूर्वीचाही नाही. पुढे तो मांडो नृत्याचा वेश म्हणून मिरवला. गावडा स्त्रियांनी मात्र धर्म बदलल्यावरही लाल चौकटीचे आखूड लुगडे खांद्यावर गाठ मारून नेसणे पिढ्यान्‌पिढ्या चालू ठेवले. वेंडेल रॉड्रिक्स या वस्त्रकाराने अलीकडे त्या लुगड्याला नवे जीवन दिले, तेव्हा अनेकांना ते केवळ लोककलेचा नमुना वाटले. शेतात राबणाऱ्या बायांनी इतक्या मोठ्या यंत्रणेपुढे ते टिकवले, ही त्याची खरी किंमत आहे.

पुन्हा महाराष्ट्रात येऊ. नाना १८०० साली वारले. त्यांच्या पश्चात त्यांची अगदी लहान वयाची विधवा जिऊबाई हिला काही काळ याच लोहगडाचा आसरा होता. त्या मुलीच्या वाट्याला जे वैधव्य आले, तशा वैधव्याचे नियम ब्राह्मण घरांत कसे होते, हे आपल्याला ठाऊक आहे. केस काढायचे, लाल आलवण नेसायचे, चोळी नाही, कुंकू नाही, दागिना नाही. सोवळ्या बाईची खूण अशी होती, की अंधारातही ती चुकू नये. वस्त्र निदान बदलता येते, काढलेले केस लगेच येत नाहीत. म्हणून या नियमाविरुद्धचे बंड एका दिवसात होणारे नव्हते. पार्वतीबाई आठवले यांच्या आत्मचरित्रात हा भाग आहे. कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी वर्षानुवर्षे गावोगाव हिंडून निधी गोळा करणाऱ्या या बाई सोवळ्या होत्या, आणि पुढे त्यांनी विचारपूर्वक केशवपन सोडून दिले. केस वाढायला लागल्यापासून ते पुरते वाढेपर्यंतचे महिने लोकांच्या नजरेसमोर काढायचे होते. रोज घराबाहेर पडताना तो निर्णय नव्याने घ्यावा लागत होता. एका भाषणाच्या किंवा एका मोर्चाच्या धैर्याहून हे धैर्य वेगळ्या जातीचे आहे, आणि आपल्या इतिहासलेखनाने त्याची पुरेशी नोंद घेतलेली नाही असे मला वाटते. या प्रश्नाची दुसरी बाजूही हलली. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत न्हाव्यांची सभा झाली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही असे त्यांनी ठरवले. ज्याच्या हातून नियम अमलात येतो त्याने हात आखडता घेतला, तर शास्त्र पोथीतच राहते.

आता महाडकडे येतो. माझ्या मते, वस्त्राच्या बंडाचा मराठी मुलखातला सर्वांत स्पष्ट विचार तेथे झाला. १९२७ च्या मार्चमध्ये चवदार तळ्याचे पाणी प्यायले गेले. डिसेंबरात पुन्हा परिषद भरली आणि २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळण्यात आली. त्याच परिषदेच्या अखेरीस डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले. दारू पिऊन येणाऱ्या नवऱ्याविषयी, मुलींच्या शिक्षणाविषयी ते बोललेच, पण भाषणाचा मोठा भाग लुगड्यावर आणि दागिन्यांवर होता. लुगडे गुडघ्यापर्यंत आखूड नेसण्याची तऱ्हा, गळाभर गळसऱ्या, कोपरापर्यंत कथलाचे किंवा चांदीचे गोट आणि पाटल्या, या सगळ्यांमुळे तुम्ही अस्पृश्य म्हणून ओळखल्या जाता, असे त्यांचे सांगणे होते. लुगडे घोट्यापर्यंत नेसा. दागिना घालायचा तर सोन्याचा घाला, नाहीतर घालूच नका. कपडा फाटका असला तरी चालेल, तो स्वच्छ असू द्या. बायांनी हे तेथल्या तेथे मनावर घेतले. चळवळीतल्या चित्रे-टिपणीस घराण्यांतल्या स्त्रियांनी घोट्यापर्यंतचे लुगडे कसे नेसायचे ते त्यांना दाखवले, असे सांगितले जाते. परिषदेला आलेल्या स्त्रिया गावी परतल्या त्या नव्या नेसणीत.

याच्यावर दोन वजनदार आक्षेप घेतले गेले आहेत. पहिला असा, की हे अनुकरण आहे. वरच्या जातीच्या बाईसारखे लुगडे नेसायला सांगणे म्हणजे वरच्या जातीचे श्रेष्ठत्व कबूल करणे. समाजशास्त्रात एम. एन. श्रीनिवास यांनी अशा वरच्यांच्या रीती उचलण्याच्या प्रक्रियेचे सविस्तर वर्णन केले आहे आणि त्यातून जातीची व्यवस्था मोडत नाही, तिच्यात फक्त जागा बदलते, असा निष्कर्ष अनेक जण काढतात. १७७९ च्या सोनारांपुरता हा आक्षेप मला मान्य आहे. त्यांना ब्राह्मण या पायरीवर जागा हवी होती. पायऱ्याच नसाव्यात असे त्यांचे म्हणणे नव्हते. महाडची गोष्ट वेगळी आहे, आणि ती वेगळी आहे हे क्रमावरून कळते. आधी ज्या ग्रंथात पायऱ्या लिहिल्या होत्या तो जाळला गेला आणि मग नेसण बदलली. ज्यांनी घोट्यापर्यंत लुगडे नेसले त्यांनी ब्राह्मण, मराठा किंवा कायस्थ असल्याचा दावा केला नाही. कोणत्याच जातीची म्हणून ओळखू न येणे एवढाच त्यांचा हट्ट होता. अनुकरणात वरच्याची खूण मौल्यवान राहते. सगळ्यांनीच ती वापरली की ती खूण उरत नाही, साधी नेसण होते. आज महाराष्ट्रात कोणतीही बाई घोट्यापर्यंत साडी नेसते आणि तिच्यावरून तिची जात कोणाला कळत नाही. हे नुसते काळाच्या ओघात झाले असे मानणे त्या बायांवर अन्याय करणारे आहे.

दुसरा आक्षेप गांभीर्याचा आहे. पाणी, जमीन, शाळा हे खरे प्रश्न असताना लुगड्याच्या लांबीत काय ठेवले आहे, असे चळवळीतली माणसेही विचारतात. या प्रश्नाचे उत्तर विरोधकांनीच देऊन ठेवले आहे. महाडच्या परिषदेला आठवडा उलटला असेल, तोच ४ जानेवारी १९२८ च्या टाइम्स ऑफ इंडियात इंदूर जिल्ह्यातली बातमी आली. बाबासाहेबांनी पुढे १९३६ मध्ये आपल्या जातिनिर्मूलनाच्या पुस्तकात ती वापरली. सवर्णांनी तेथल्या बलाई जातीला नियम लावून दिले. बलाईंनी जरीकाठी पागोटे घालायचे नाही, रंगीत किंवा नक्षीदार काठाचे धोतर नेसायचे नाही, त्यांच्या बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत, चांगला झगा किंवा चोळी घालायची नाही. नियम मानायला नकार दिला तेव्हा त्यांचे पाणी तोडले गेले, शेतावरच्या वाटा अडवल्या गेल्या. म्हणजे काठ आणि पाणी हे वेगळे प्रश्न असल्याचे नियम करणाऱ्यांना वाटत नव्हते. काठ पाहून माणूस ओळखायचा आणि ओळखला की विहिरीवरून हटवायचा, असे ते एकच काम होते. वस्त्राला क्षुल्लक म्हणणारा फक्त विहीर पाहतो, तिच्यापाशी माणसाला कशावरून अडवले ते पाहत नाही.

त्रावणकोरचे उदाहरणही याच अंगाने वाचावे. तेथे नाडार स्त्रियांना छाती झाकण्याची मुभा नव्हती. त्यांनी आणि त्यांच्यातल्या ख्रिस्ती झालेल्यांनी अनेक दशके झगडा दिला, मारहाण सोसली आणि अखेर १८५९ मध्ये राजाला जाहीरनामा काढावा लागला. त्या जाहीरनाम्याने छाती झाकण्याची परवानगी दिली, पण वरच्या जातीच्या स्त्रियांसारखी झाकायची नाही, ही अट त्यात ठेवली. माघार घेतानाही सत्तेने फरकाची एक रेघ जपून ठेवली. लाजेचा प्रश्न असता तर झाकणे पुरे झाले असते. प्रश्न ओळखीचा होता.

येथे कोणी विचारील, मग आखूड लुगडे वाईट होते का. शेतात, चिखलात, समुद्रात काम करणाऱ्या कुणबी आणि कोळी बायाही आखूडच नेसत आल्या. सोयीचेच होते ते. मला हा मुद्दा महत्त्वाचा वाटतो, कारण त्यामुळे माझे म्हणणे नेमके होते. जिला लांब नेसण्याची मोकळीक आहे तिने कामासाठी आखूड नेसले, तर ती सोय. जिला लांब नेसल्यावर गावात राहता येणार नाही तिचे आखूड लुगडे ही सोय नसते, ती शिक्षा असते. जोतिराव फुल्यांनी हाच विचार उलट्या टोकाने लोकांपुढे ठेवला. १८८८ मध्ये पुण्यात ब्रिटिश राजपुत्र ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ मेजवानी होती. दागिने, शाली, भरजरी पोशाख यांच्या गर्दीत जोतिराव गरीब शेतकऱ्याच्या वेशात, अंगावर घोंगडी घेऊन गेले आणि हा देश समोरच्या पोशाखांचा नसून अशा माणसांचा आहे असे त्यांनी पाहुण्याला सांगितले. जोतिराव यशस्वी कंत्राटदार होते, त्यांना चांगले कपडे परवडत होते, म्हणून त्यांच्या घोंगडीला अर्थ आला. पुढे बाबासाहेबांनी कोट-पँट-टाय घातला तोही याच विचाराने समजतो. ज्याच्या जातीला प्रेतावरचे वस्त्र नेमून दिले होते, त्याने नवे, शिवलेले, इस्त्रीचे कपडे घालणे हे चैनीचे लक्षण मानणाऱ्यांनी मनुस्मृतीचा दहावा अध्याय वाचलेला नाही, किंवा वाचून विसरला आहे.

राहिला आविष्काराचा प्रश्न. वस्त्राने माणूस स्वतःला व्यक्त करतो असे आपण म्हणतो, पण महाडच्या बाया तर सगळ्या एकाच तऱ्हेने नेसू लागल्या, त्यात व्यक्ती कुठे आली, असे विचारता येईल. माझे उत्तर असे, की जोवर अंगावरचा कपडा माझ्याआधी माझी जात बोलतो, तोवर माझी आवड बोलूच शकत नाही. आधी तो लादलेला आवाज बंद व्हावा लागतो. रंग, काठ, पोत यांची हौस त्यानंतर सुरू होते. आज कोणी तरुणी जीन्स घालते, कोणी आजीची नऊवारी कपाटातून काढते. दोघींना ही मोकळीक ज्यांनी मिळवून दिली त्यांना स्वतःच्या आवडीचा विचार करायला सवड मिळाली नव्हती.

ही कसोटी आजच्या वादांना लावली की पक्ष बदलून बोलण्याची सवय सोडावी लागते. इराणमध्ये १९३६ मध्ये रझा शाहने सक्तीने बुरखे उतरवले आणि १९७९ च्या क्रांतीनंतरच्या सत्तेने सक्तीने डोकी झाकली. २०२२ च्या सप्टेंबरात महसा अमिनी ही तरुणी डोके नीट न झाकल्याच्या आरोपावरून पोलिसांच्या ताब्यात असताना मरण पावली. शाहचा हुकूम आधुनिक होता आणि मुल्लांचा धार्मिक, पण दोन्ही वेळा बाईला कोणी विचारले नाही. मुंबईत चेंबूरच्या एका महाविद्यालयाने हिजाब, टोपी वगैरेंवर बंदी घातली, तेव्हा ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या बंदीच्या काही भागाला स्थगिती दिली. ज्याला हिजाब लादणे चूक वाटते त्याला हिजाब ओढून काढणेही चूक वाटले पाहिजे. एका वेळी स्वातंत्र्य आणि दुसऱ्या वेळी शिस्त म्हणायचे, हे तर्काला धरून नाही.

आपल्या शेजारी कार्ल्याच्या एकवीरा देवस्थानाने जुलै २०२५ पासून दर्शनाला येणाऱ्यांसाठी वस्त्रसंहिता जाहीर केली. १७७९ चा हुकूम किंवा बलाईंवरचे नियम यांच्याशी मी तिची बरोबरी करत नाही, तसे करणे खोटे ठरेल. ती जातीवर नाही, आणि पवित्र जागी भान ठेवावे ही अपेक्षा रास्त आहे. तरीही नियम करणाऱ्यांपुढे माझे काही प्रश्न आहेत. आखूड नेसणाऱ्या कोळणी या देवीच्या लेकी आहेत. देवळालगतच्या चैत्याच्या दारी उघड्या अंगाची दांपत्ये दोन हजार वर्षे उभी आहेत. नियमाचा भार प्रत्यक्षात कोणावर पडणार आहे, पुरुषांवर की मुलींवर? तो करताना मुलींना विचारले होते का? गरीब घरची, मिळेल ते घालून आलेली बाई दारातून परत जाणार आहे का?

शाळेच्या, देवळाच्या, ग्रामपंचायतीच्या समितीवर असलेल्या आपल्यापैकी प्रत्येकाला माझी विनंती आहे. कोणाच्याही कपड्याविषयी ठराव मांडण्याआधी, ज्यांनी तो पाळायचा आहे त्यांना त्याच बैठकीत बसवून घ्या आणि त्यांचे मत पडल्यावरच तो मंजूर करा. ते नाही म्हणाले, तर ठराव मागे घ्या.